टस्कनीला या ना

टस्कनीच्या मीटिंगला पद्मिनीवहिनी कुकर घेऊन आल्या.

तीन लिटरचा, लग्नातला, हँडल दोनदा बदललेला. सुलभानं दार उघडलं तेव्हा तो त्यांच्या कडेवर होता. "सायकलच्या मागे बसतो का, तेवढं आधी बघून घेते," असं म्हणत त्या चपला न काढताच गॅरेजकडे वळल्या. त्यांच्या मागून जगन्नाथभाऊजी आले, हातात ब्लडप्रेशरचं यंत्र आणि अंगात नवी कोरी सायकलची चड्डी. आतून स्पंज लावलेली ती काळी चड्डी घालून साठीचे भाऊजी शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून इथे नेपरव्हिलपर्यंत गाडी चालवत आले होते. सुलभानं त्यांच्याकडे बघितलं आणि घाईघाईनं नजर वर उचलून तोंडावर आणली.

"सवय व्हायला पाहिजे," भाऊजी म्हणाले.

"हो, बरोबर आहे," सुलभा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सत्त्याऐंशी सालचा, मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीतला तो शनिवार होता. स्वयंपाकघरात मसालेभात मुरत होता, फ्रीजमध्ये सावर क्रीमचं श्रीखंड होतं आणि जेवणाच्या टेबलावर बशा मांडायला जागा नव्हती, कारण तिथे इटली पसरली होती. सुलभाच्या नवऱ्यानं, एकनाथनं, लेकीचा म्हणजे वीणाचा नकाशा ऑफिसात नेऊन मोठा करून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. कडेचा 'फालतू मजकूर' पट्टीनं सरळ कापून टाकला होता आणि सोळा कागद टेपनं एकमेकांना चिकटवले होते. शेजारी त्याची फाइल होती. त्याच्या डोळ्यांसमोर फाइल आणि टेप असली की त्याला जगात काही कमी नसे.

गॅरेजमधून वहिनींचा आवाज आला, "बसतो गं! जरा तिरका बसतो, पण बसतो!"

हे सगळं कुणामुळे झालं, हे सुलभाला पक्कं माहीत होतं. तिच्याचमुळे. तिनं 'या ना' म्हटलं होतं.

खरं तर गोष्ट दोघींची होती. गेल्या ऑक्टोबरात वीणानं शिकागोच्या आपल्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही म्हणून सायकल इथे आणून ठेवली. एका रविवारी ती नेहमीच्या आधीच्या गाडीनं आली, तर घरासमोरच्या गोल वळणावर तिची आई पाचवारी साडीत, पायांत टेनिस शूज घालून, त्याच सायकलवर चकरा मारत होती. सांगलीला कॉलेजात असताना सुलभा रोज सहा मैल सायकल हाणायची. मग लग्न झालं, मग अमेरिका झाली, आणि सत्तावीस वर्षांत तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. वीणा कोपऱ्यावर उभी राहून दोन चकरा बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हू इज धिस पर्सन?"

जानेवारीत तिचा फोन आला. सप्टेंबरमध्ये, टस्कनी, आठ दिवस, सायकलवर. तू आणि मी. जस्ट अस.

फोन ठेवल्यावर सुलभा बराच वेळ सिंकपाशी उभी होती आणि नळ उगीचच चालू होता. इतका आनंद पोटात मावेना. फेब्रुवारीत एकदा तिनं तो पद्मिनीवहिनींपाशी बोलून टाकला. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून बोलली. वहिनी म्हणाल्या, "अय्या, मज्जा आहे! आम्ही पण येऊ का गं?" आणि सुलभाच्या तोंडून आपसूक निघालं, "या ना!"

आता 'या ना' हे काही आमंत्रण नसतं. एकानं 'या ना' म्हणायचं, दुसऱ्यानं 'नको, परत कधीतरी' म्हणायचं, आणि दोघांनी सुखानं आपापल्या घरी राहायचं, अशी ती रीत. सुलभानं आपली अर्धी रीत पाळली. पण अठरा वर्षं अमेरिकेत काढून वहिनी बहुधा उरलेली अर्धी विसरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं, ह्यांना सांगते." ह्यांनी भावाला सांगितलं. एकनाथनं 'मी येऊ का' असं विचारलंच नाही. नवऱ्यानं विचारायचं नसतं. त्यानं सरळ फाइल उघडली.

"सुलू, बारा दहाची गाडी आहे ना वीणाची?" टेबलावरून मान वर न करता एकनाथ म्हणाला. "निघ मग. आणि तिला म्हणावं, फेज वनला बरोबर एक वाजता सुरुवात."

*

स्टेशनवर वीणा एकटीच उतरली. गाडीत बसल्या बसल्या, पट्टा लावायच्या आधीच तिनं विचारलं, "आई, हाऊ मेनी?"

"पाच," सुलभा म्हणाली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "सरलाआत्या आणि श्रीरामकाका आले तर सात. पण त्यांचं सनीव्हेलहून काही नक्की कळलेलं नाही."

"सेव्हन."

"आले तर."

"मी एका माणसाला विचारलं होतं, आई. वन. तुला."

"मी कुणाला बोलावलं नाही गं. मी फक्त 'या ना' म्हटलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही. तसं म्हणायचं असतं."

वीणानं पट्टा लावला. सव्वीस वर्षांची, आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे जिने आखणारी ही मुलगी मराठी बरंच बरं बोलायची, पण काही गोष्टी तिला समजावून सांगता येत नसत. "सो यू से कम," ती म्हणाली, "अँड इट मीन्स डोन्ट कम. आणि त्यांना ते कळायला पाहिजे."

"अगदी तसं नाही."

"मग कसं?"

सुलभानं सिग्नलला गाडी थांबवली. अगदी तसंच होतं.

"आई, तुला नायगारा आठवतो?"

तो कोण विसरेल? अकरा माणसं आणि दोन गाड्या. पार्किंग लॉटमध्ये दोन तास पुरीभाजी आणि मग पाऊस येईल म्हणून वीस मिनिटं धबधबा. त्या वीस मिनिटांतली दहा, उरलेल्या पुऱ्या कुणी न्यायच्या यावर गेली होती.

"मी चौदा वर्षांची होते," वीणा म्हणाली. "तू पूर्ण ट्रिपभर माझ्याशी एकच वाक्य बोललीस. 'पेपर प्लेट्स दे.' आय काउंटेड."

"काहीतरीच."

"तू आणि मी कधी दोघीच कुठे गेलोय? टेल मी वन प्लेस."

सुलभानं विचार केला. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, तरी तिला काही आठवेना. "डेंटिस्टकडे," ती म्हणाली.

"डेंटिस्ट इज नॉट अ प्लेस, आई."

घराच्या वळणाशी आल्यावर वीणा शांतपणे म्हणाली, "मी सोमवारी सिएनाच्या पेन्सिओनेला, त्या छोट्या हॉटेलला, पत्र पाठवणार आहे. दोन बेड्स, दोन बाइक्स. जर सगळे येणार असतील तर मी नाही येत. तुम्ही जा, मजा करा. आय ॲम नॉट मॅड."

'आय ॲम नॉट मॅड' हे तिनं ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात सुलभाच्या सासूबाई 'मला मेलीला काय त्याचं' असं म्हणायच्या. वीणा एकदा नाही म्हणाली की नाही. ती आता परत विचारणार नव्हती, टस्कनीला नाही आणि कुठेच नाही.

पण सुलभाच्या हातात एक हुकमाचा पत्ता होता. तीन आठवड्यांपूर्वी वीणाच्या खोलीत केस वाळवत बसली असताना तिनं तो मूळ नकाशा सहज उलगडून वाचला होता. सगळा वाचला होता, एकनाथनं कापून टाकलेल्या कडेसकट. त्यात काय आहे ते तिनं अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. ते ऐकल्यावर टस्कनीला जायची कुणाची छाती होणार नाही अशी तिची खात्री होती. आपण नाही म्हणायचं नाही, नकाशाच म्हणेल. घरात शिरताना तिनं वीणाला विचारलं, "तो खरा नकाशा बॅगेत आहे ना तुझ्या? जवळ ठेव."

*

"फेज वन," एकनाथ म्हणाला.

जेवणं हातात ताटं घेऊन सोफ्यावर झाली होती आणि आता सगळे टेबलाभोवती उभे होते. एकनाथच्या हातात जुन्या रेडिओची एरिअल होती. तिचं टोक त्यानं सिएनावर टेकवलं.

"रोज चाळीस मैल. म्हणजे चौसष्ट किलोमीटर. आता कुणी म्हणेल, जमेल का? तर मी आणि दादा एप्रिलपासून दर रविवारी वीस मैल करतोय. आणि दम लागत नाही. दादा, सांग."

"अजिबात नाही," जगन्नाथभाऊजी म्हणाले. "बोलत बोलत होतात."

हे खरं होतं. पण नेपरव्हिलचं सगळं गाव परातीत थापलेल्या वडीसारखं सपाट. तिथे चढ म्हणायचा तर रेल्वेवरचा पूल, आणि त्या पुलाशी दोघे भाऊ खाली उतरून सायकल हातात धरून जात, हे सुलभानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"एक मुद्दा," भाऊजी म्हणाले. "सहाव्या दिवशी अप्पांची तिथी येते. पक्ष आहे तेव्हा."

"सहाव्या दिवशी आपण व्होल्टेराला," एकनाथनं फाइल बघून सांगितलं.

"मग व्होल्टेराला करू. तिथे कावळा असेल ना?"

"युरोपात कावळे आहेत. मी बघून ठेवतो," असं म्हणून एकनाथनं खरोखरच फाइलीत लिहिलं, 'कावळा'.

"आणि मी भात लावीन," वहिनी म्हणाल्या. "कुकर बसतोय. फक्त तीन शिट्ट्या होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं."

वीणा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

"आता रूट बघा," एकनाथ म्हणाला आणि त्याचा आवाज मऊ झाला. तीन महिने तो रोज ऑफिसमधून आल्यावर या रूटला बसला होता. "या नकाशात रस्त्यांवर हे बारीक काळे बाण आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. बहुतेक लोकांचं तिकडे लक्षही जाणार नाही. पण मी विजेचा माणूस. बाण म्हणजे दिशा, हे आम्हांला पहिल्या दिवशी शिकवतात."

"म्हणजे वन-वे?" भाऊजींनी विचारलं.

"करेक्ट. जुनी गावं, अरुंद रस्ते, सगळा वन-वे कारभार. एक बाण म्हणजे साधा वन-वे. तीन बाण म्हणजे कडक. आणि आपला रूट असा आखलाय की आठ दिवसांत आपण एकाही बाणाच्या विरुद्ध जात नाही. चोवीस वर्षांत मला या देशात एक ट्रॅफिक तिकीट नाही. ते काय इटलीत जाऊन घेऊ?"

"वा!" भाऊजी म्हणाले.

वहिनी नकाशावर वाकल्या. एका गावावर त्यांनी बोट ठेवलं. "भावजी, या गावात सगळे बाण आतच जातायत. मग तिथली माणसं बाहेर कशी येतात?"

"दुसऱ्या रस्त्यानं," एकनाथ म्हणाला.

"दुसराही आतच जातोय."

"वहिनी, ते त्यांचं ते बघतील."

आता हीच वेळ, असं सुलभाच्या मनानं घेतलं. तिनं हात पुसले. "अहो," ती म्हणाली, "ते बाण वन-वेचे नाहीत."

"मग कसले?"

"चढाचे. वीणा, दे गं तो नकाशा."

वीणानं बॅगेतून मूळ नकाशा काढला आणि आईकडे जरा चमकून बघत तिच्या हातात दिला. सुलभानं कड उलगडून टेबलावर ठेवली. चार भाषांत लिहिलेलं होतं, त्यातली तिसरी इंग्रजी. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. एक बाण, बरा चढ. दोन बाण, मोठा चढ. तीन बाण असतील तिथे किती टक्के ते लिहिलं होतं आणि तो आकडा बघून भाऊजींनी नुसतंच "बाप रे" म्हटलं.

एकनाथनं चष्मा लावला. त्यानं ते इंग्रजीत वाचलं, मग फ्रेंच येत नसताना फ्रेंचमध्येही वाचून बघितलं. मग एरिअल खाली ठेवून तो आपल्या रूटवरचे बाण बोटानं मोजू लागला. सगळे मान लांब करून बघत होते.

"त्रेपन्न," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे मी..."

"तुम्ही टस्कनीतला एकही चढ सोडलेला नाही," सुलभा म्हणाली.

"आणि उतार?"

"ते सगळे टाळलेत. बेकायदेशीर म्हणून."

वीणाला हसू फुटलं. तिनं ते आधी दाबायचा प्रयत्न केला आणि मग तिला खुर्ची धरून खाली बसावं लागलं. वहिनीही हसल्या, भाऊजी हसले, शेवटी एकनाथसुद्धा कानापर्यंत लाल होऊन हसला. सुलभा मात्र हसली नाही. ती वाट बघत होती. भाऊजींचा हात हळूच ब्लडप्रेशरच्या यंत्राकडे गेला, वहिनींनी गुडघा चोळला. आता म्हणतील, सुलभाच्या मनात आलं. आता कुणीतरी म्हणेल, बाई, आपल्याला नाही झेपायचं.

"मिनीबस," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"मिनीबस करू. सोळा सीटरची. ड्रायव्हरसकट. सायकली वर टपावर. एखादं सपाट गाव आलं की उतरवायच्या, फोटो काढायचे, परत चढवायच्या."

"अगं बाई, किती छान!" वहिनींचा चेहरा एवढा खुलला की सुलभा बघतच राहिली. "कुकरलाही नीट जागा होईल."

एकनाथनं दोन क्षण विचार केला. मग त्याच्या डोळ्यांत ते ओळखीचं तेज परत आलं आणि त्यानं फाइलीत कोरा कागद लावला. वर लिहिलं, 'फेज वन, रिवाइज्ड'. पाच मिनिटांत बसचा रूट आखायला सुरुवात झाली. दहा मिनिटांत सोळा सीटांपैकी अकरा रिकाम्या राहतायत हा प्रश्न निघाला आणि वहिनींनी शॉमबर्गच्या दोन कुटुंबांची नावं सुचवली. कोणी कुठे बसायचं यावरून भाऊजी आणि एकनाथ यांच्यात लहानपणापासूनचा वाद सुरू झाला. खिडकी दोघांनाही हवी होती.

सुलभाचा हुकमाचा पत्ता असा पाण्यात गेला. सायकलची सहल होती, तिचा नायगारा झाला होता.

वीणा उठली. तिनं नकाशा घडी घालून बॅगेत टाकला आणि फ्रीजवर लावलेलं गाड्यांचं वेळापत्रक बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सुलभानं काहीतरी केलं असतं, श्रीखंड वाढलं असतं, समजूत घातली असती. तिथे नुसतं 'मला माहीतच होतं' एवढं होतं. "तीन चाळीसची मिळेल मला," वीणा म्हणाली. "आई, डोन्ट बॉदर, मी चालत जाईन."

आणि फोन वाजला.

तो भिंतीवरचा फोन सुलभाच्या खांद्यापाशीच होता. तिनं उचलला. सनीव्हेलहून सरला बोलत होती आणि सरला नेहमीच मैदानातून हाक मारल्यासारखी बोलायची, त्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"वहिनी! मी काय म्हणते, तिकिटं बघायला घेऊ का? आम्ही पण येऊ ना?"

सगळ्यांनी मान वर केली. वीणाचं बोट वेळापत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

सुलभाच्या जिभेनं 'या' तयार करून ठेवलाच होता. तो दातांपर्यंत आला. तिला त्याची चवसुद्धा लागली. पन्नास वर्षं तो असाच यायचा, कुणी दार वाजवलं की, कुणी आडून विचारलं की. तिनं तोंड मिटलं. मग उघडलं.

"नको," ती म्हणाली.

"अं? हॅलो? वहिनी, लाइन खराब आहे का?"

"लाइन चांगली आहे. नको येऊस, सरला."

हा शब्द सुलभानं आजवर वाढणाऱ्याला म्हटला होता, दारावरच्या सेल्समनला म्हटला होता, पण घरच्या माणसाला असा तोंडावर कधी म्हटला नव्हता. तिचे कान तापले. पण निघालाच आहे तर पुरता निघू दे असं वाटून ती फोन हातात धरूनच टेबलाकडे वळली. लांबलचक वायर तिच्याभोवती गुंडाळली गेली.

"वहिनी, तुम्हीही नको. भाऊजी, तुम्हीही."

"आम्ही काय केलं?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही काही नाही केलंत. तुम्ही विचारलंत आणि मी 'या ना' म्हटलं. ते खरं नव्हतं. मला वीणानं बोलावलंय. मला तिच्याबरोबर जायचंय. आम्ही दोघीच, आणि सायकलवर." तिनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला बसमध्ये बसायचं नाही. मला कुणाला वाढायचं नाही. राग आला तर येऊ दे."

फोनमधून सरलाचा आवाज आला, "अगं, तिकडे काय चाललंय? कुणी मला सांगेल का?"

पद्मिनीवहिनी खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. आता काय ऐकावं लागणार म्हणून सुलभानं डोळे मिटून घेतले.

"मग हे फेब्रुवारीतच सांगायचंस की!" वहिनी ओरडल्या. "चार महिने मला झोप नाही! या गुडघ्यांनी मी सायकल चालवू? मला साधी येतसुद्धा नाही सायकल!"

"येत नाही? मग 'येऊ का' म्हणून कशाला विचारलंत?"

"विचारायचं असतं म्हणून विचारलं! माणूस एवढ्या आनंदानं सांगतंय, तर 'येऊ का' नको विचारायला? मला वाटलं तू म्हणशील, 'परत कधीतरी'. तर तू म्हणालीस 'या ना'. मग नाही कसं म्हणू? तुला वाईट वाटलं असतं. ह्यांनी मिनीबस म्हटलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला."

भाऊजींनी आपल्या चड्डीकडे बघितलं. "म्हणजे मी हिच्यासाठी निघालो होतो," ते हळूच म्हणाले, "आणि हिला यायचंच नव्हतं?"

"तुम्हांला यायचं होतं?"

"मला गॉल्फ शिकायचं होतं."

सुलभानं फोन कानाला लावला. सरला गप्प होती, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. "वहिनी," ती नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत म्हणाली, "खरं सांगू का? श्रीरामला सुट्टीच नाही मिळत. पण तुम्ही एवढं ठरवताय, आम्ही नाही म्हटलं तर कसं दिसेल, म्हणून..."

वीणा फ्रीजला पाठ लावून एकेकाकडे बघत होती. "यू गाइज," ती शेवटी म्हणाली, "कुणालाच यायचं नव्हतं? नोबडी?"

वहिनी उठल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा गं तुम्ही दोघी. आणि हिला खायला घाल नीट, ही स्वतः काही मागायची नाही. चल, माझा कुकर सोडवून दे. मघाशी बांधताना त्या दोऱ्यांची मी काय गाठ मारलीय, देव जाणे." वीणानं वेळापत्रक सरळ केलं, आईच्या अंगाभोवतीची वायर सोडवली आणि जाताना तिचा दंड एकदा घट्ट दाबला. मग ती काकूच्या मागे गॅरेजमध्ये गेली. आपल्या चड्डीबद्दल कुणी आणखी काही बोलायच्या आत भाऊजीही त्यांच्यामागे गेले.

खोलीत एकनाथ राहिला.

तो अजून टेबलापाशीच उभा होता. तो टेपची एकेक पट्टी काळजीपूर्वक सोलून काढत होता, कागद न फाटता. टस्कनीचे परत सोळा तुकडे होत होते. सगळ्या घरात खरोखर जायचं होतं ते या एकाच माणसाला, हे सुलभाला आत्ता लख्ख कळलं. त्यानं तीन महिने बाण मोजले होते. चुकीचे मोजले होते, पण मन लावून मोजले होते.

"वीणा म्हणाली, बाबा नकोत म्हणून?" त्यानं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," सुलभा म्हणाली. "ती तसं काही म्हणाली नाही. मी म्हणतेय."

"तुला मी नको?"

तिला फार वाईट वाटलं. हा माणूस वाईट नव्हता. सत्तावीस वर्षं यानं प्रत्येक रस्ता ठरवला होता, आणि ती शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसली होती. तीही सगळी वर्षं वाईट नव्हती. तिच्या मनात आलं, म्हणावं, चला, तुम्ही चला, तुमचं काय ओझं होणार आहे. तिनं ते म्हटलं नाही.

"आठ दिवस नको," ती म्हणाली.

एकनाथनं शेवटची पट्टी सोलली. सोळा कागद एकावर एक ठेवून टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या, फाइलीत घातले, फाइलची दोरी बांधली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. गॅरेजमध्ये कुकर खाली पडल्याचा आवाज झाला आणि तिघेही एकदम बोलू लागले, पण त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"आठ दिवस," तो म्हणाला. "ते जायचे-यायचे दिवस धरून, की सोडून?"

"सोडून," सुलभा म्हणाली.